एकतिसावा प्रश्न

मुलुंड पूर्व
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्षता,

तू मला सगळीकडे ब्लॉक केलंयस, म्हणून पोस्टात जाऊन तिकिटं आणली. खिडकीवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, स्पीडपोस्ट नको का? म्हटलं, साधंच द्या, मला पोचायची घाई नाही.

कांजूरमार्गला सगळे बरे असतील. बाबांचा खोकला थांबला का? इकडे अण्णा रिटायर झाल्यापासून गॅलरीत मिरच्या लावतात आणि कबुतरांशी भांडतात. आई ठीक आहे. "अक्षता हल्ली का येत नाही गं?" हे दर रविवारी विचारते. मी दर रविवारी नवं कारण सांगते.

घाटकोपरच्या एका क्लासमध्ये तू दहावीला भूगोल शिकवतेस असं शुभाकडून कळलं. मुलं तुझ्यावर खूश असणारच. कोण नसतं?

मॅडमनी मला अंधेरीला संख्याशास्त्राच्या कार्यशाळेला पाठवलं, तिथपासून सांगते. पहिले दोन दिवस माझी वाट लागली. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, एका इमारतीतल्या बायका थोड्याफार एकमेकींसारख्या असतात. पाणी एक, जिना एक, भांडणं एक. त्यांना सुट्या सुट्या मोजलंत तर फसाल. म्हणून थर लावायचे. बाई इमारतीत, इमारत वस्तीत. मग बघायचं, उत्तरांतला किती फरक बाईबाईतला आहे आणि किती इमारतीइमारतीतला. मला ते इतकं आवडलं की घरी येऊन पोळीचे पदर सोडवून आईला समजावलं. ती म्हणाली, "अक्षताने सोपं करून सांगितलं असतं."

परत आल्यावर मानखुर्दच्या नव्या पुनर्वसन इमारतींतल्या आपल्या सर्वेवर हेच करून पाहिलं. प्रश्न एकतीस: गेल्या वर्षभरात नवऱ्याने हात उगारला का? मॅडमना वाटत होतं की फरक इमारतींमुळे पडत असेल. तो जवळजवळ पडतच नव्हता. मग मी आणखी एक थर घातला, विचारणारीचा, आणि सगळा फरक तिथेच जाऊन बसला. श्वेता, शुभा आणि मी, आमच्या फॉर्ममध्ये शंभरात पाच-सहा बायका "हो" म्हणत होत्या. तुझ्या फॉर्ममध्ये एक्केचाळीस. खोल्या आपण चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या, त्यामुळे नेमकी तसली घरं तुझ्याच वाट्याला आली असंही म्हणता येईना.

हे थरांचं मॉडेल एवढंच सांगतं की फरक आहे. खोटं कोण ते सांगत नाही. पुढे तुझ्यातली दहा घरं फेरतपासायला मला पाठवलं, ती बंद निघाली आणि मॅडमनी तुझे दोनशे बारा फॉर्म वगळले. पाठोपाठ तुलाही. हे तुला माहीतच आहे.

त्या मीटिंगमध्ये मी गप्प बसले म्हणून तू मला ब्लॉक केलंस. गप्प बसले असते तर बरं झालं असतं. तू येण्याआधी मॅडमनी मला विचारलं होतं, "गंधाली, तुला काय वाटतं?" मी म्हणाले, "अक्षता बायकांच्या तोंडी उत्तरं घालत असेल."

"असेल" म्हणाले. तेवढी काळजी घेतली होती.

मी तुझ्यावर जळत होते गं. आकडे मला येतात, तुला येत नाहीत, तरी मॅडम डबा उघडला की आधी तुला हाक मारायच्या. तेही चाललं असतं. पण आईने गर्भाशयाच्या ऑपरेशनचं मला सांगायच्या आधी तुला सांगितलं. माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात, मी बाहेर लॅपटॉप घेऊन बसलेली असताना. ते मी विसरू शकत नाही. अजूनही नाही.

आता खरी गोष्ट लिहिते. घरं बंद नव्हती.

पहिलंच दार वनमालाबाईंचं. सासू खाटेवर बसलेली. बाई मला पाणी भरायच्या निमित्ताने बाहेर पॅसेजमध्ये घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अक्षता खंय गेली? तिका मी जा सांगितलंय, ता सगळा खरा आसा. तुका नाय सांगूचंय." तू त्यांच्याबरोबर बसून तासभर कोलंबी सोललीस म्हणे, आणि सासू देवळात गेल्यावरच एकतिसावा प्रश्न काढलास. मी एक फॉर्म आठ मिनिटांत संपवायचे. सासू समोर असली तरी विचारायचे, आणि "नाही"वर खूण करून पुढचं दार. पुढच्या तिघींनीही तुझं नाव घेतल्यावरच तोंड उघडलं, आणि तेच सांगितलं. पाचव्या दारापर्यंत मी गेलेच नाही. रिक्षा केली, घरी आले आणि दहाच्या दहा ओळींवर "घर बंद" लिहिलं. तीन-तीन फेऱ्यांच्या तारखासुद्धा टाकल्या.

परवा सर्वेवरच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद माझ्याकडे आला. नव्या इमारतींत बायका सुरक्षित आहेत, असा निष्कर्ष. सोमवारी तो छापायला जाणार होता, लेखकांत माझं नाव दुसरं. ते वाक्य मी पाच वेळा वाचलं. वनमालाबाईंनी माझ्यासमोर पदर सावरताना दंडावरचा वळ झाकला होता, आणि मी तो पाहिला होता.

काल मॅडमना सगळं लिहून पाठवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. लेख थांबवलाय, सोमवारी येऊन भेट. माझं काय होईल ते होईल. पीएचडी सुटेल कदाचित. अण्णांना अजून सांगितलेलं नाही. मॅडम तुला फोन करतील. तो उचल.

मी फार चांगली झाले असं मात्र समजू नकोस. मेल गेल्यावर पहिला विचार हाच आला, की आता त्या तुला डोक्यावर घेतील. तू परत आलीस तर रोज तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून जळेन मी.

तरी ये.

मैत्रीण लिहायचा हक्क घालवलाय, म्हणून नुसतीच,
गंधाली