आइस्क्रीमच्या खोलीतली बोट

८ डिसेंबर

बोट आली! टेम्पोत मावेना, म्हणून मागचं फळकं उघडं टाकून दोरीनं आवळून आणली. अर्धं जळकोट बघायला जमलं. पुण्याच्या कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेली शिडाची बोट. आमच्या ह्यांना कुणी मोडका हत्ती दाखवला असता तरी घेऊन आले असते.

निमित्त आत्याबाई – माझ्या सासूबाई, केवळाबाई. दिवाळीत धरणावरून येताना एवढंच म्हणाल्या, "डोळे मिटायच्या आत एकदा त्या पाण्यावर न्या रे बाबा मला." आमचं जुनं गाव त्याच धरणात बुडालंय. झालं! ह्यांनी लगेच ओळखलं – आईला आपल्या घरावरून जायचंय. नेमकं घराच्या वर थांबायचं, फुलं सोडायची. सांगताना स्वतःच डोळे पुसत होते. मीही मान डोलावली.

१४ डिसेंबर

धरणात उतरवली. तरंगली. आत्याबाई नवी चप्पल घालून काठावर तयारच होत्या. हे म्हणाले, "आज नको आई. पाडव्याला. सगळ्या जुन्या गावाला बोलावू, बॅनर लावू."

आत्याबाईंनी चप्पल काढून पिशवीत ठेवली.

एका म्हातारीला पाण्यावर न्यायला बॅनर कशाला लागतं, हे मला अजून कळलेलं नाही.

३ जानेवारी

बोटीला कील असते म्हणे – पोटाखालचं जड पातं, त्यानं बोट कलंडत नाही. आमच्या कीलला जोडावर चीर आहे आणि तिच्यातून पाणी आत गेलंय. बोट हलवली की डबडब वाजतं.

फायबरच्या टाक्या दुरुस्त करणारा आनंदराज आला. ह्यांचाच जुना विद्यार्थी. हे सांगतील त्याला "हाव सर." चीर आधी बुजव – हाव सर. बाहेरचं पाणी आत यायला नको – हाव सर. मी विचारलं, आतल्या पाण्याचं काय? दोघं एका सुरात, "वाळंल की." कुठून वाळेल, चीर तर बुजवली! पण मला कोण विचारतंय.

९ जानेवारी

लाल रंग दिला. डबडब चालूच.

१८ मार्च

ऊन पेटलंय. ह्यांना नवा घोर – उन्हानं फायबर तडकेल, रंग उडेल. धर्माबादहून ह्यांचे मित्र शिवशंकरराव आले. मिरचीचे व्यापारी. त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध – कोल्ड स्टोरेज. "दयानंदराव, आमची मिरची वर्षभर लालच्या लाल राहती. तुमची बोट काय मिरचीपेक्षा नाजूक हाय का?"

हे हरखले. उद्या बोट धर्माबादला.

२१ मार्च

मिरचीचा हंगाम, पोत्यांच्या थप्प्या छताला लागलेल्या. बोटीला जागाच नाही. मग शेजारची आइस्क्रीमवाल्याची खोली रिकामी होती, तिथं ठेवली. शिवशंकरराव फोनवर म्हणाले, "ही तर अजून गार हाय. चांगलंच झालं की." हे म्हणाले, वा वा.

७ एप्रिल

परवा पाडवा, म्हणून बोट आणायला गेलो. मी मुद्दाम गेले.

बाहेर काढून उन्हात ठेवली. आमचा चहा होईपर्यंत कीलखाली पाण्याचं थारोळं. वाकून पाहिलं तर खालून वरपर्यंत फाटलेली, उललेल्या टाचेसारखी. आत बर्फ! शिवशंकरराव डोकं खाजवत म्हणाले, "आमची मिरची तर कधी अशी फुटली न्हाई."

हा माणूस जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत होता. पाणी गोठलं की फुगतं, काचेची बाटली फुटते – दर साली फळ्यावर ती बाटली काढायचा! परत येताना मी एकच शब्द बोलले, "बाटली." मुदखेड येईपर्यंत ह्यांनी खिडकीतून मान आत घेतली नाही.

९ एप्रिल, पाडवा

बॅनर लागलं. जुनं गाव आलं, पुरणपोळ्या खाऊन गेलं. बोट तेवढी नाही. आत्याबाईंनी चप्पल पिशवीतून काढली, पुन्हा ठेवली. मला ह्यांचा इतका राग आला की वाढताना ताट आपटलं.

२८ एप्रिल

आनंदराजनं कीलला भोकं पाडून पाणी काढलं. पंखा लावून वाळवली, आता थरावर थर चढवून राहिलाय. तो अजूनही "हाव सर" म्हणतो. पण सर काही सांगतच नाहीत, नुसते बघत बसतात.

इकडं धरण आटत चाललंय.

२२ मे

बोट झाली. थेंब शिरत नाही आत. वाजतगाजत धरणावर नेली, तर धरणात पाणीच नाही! मधे एक डबकं, त्यात म्हशी. आणि गाळातून जुनं गाव वर आलेलं – भिंती, पार, आमचा उंबरा.

हे तर नाचायचेच बाकी. "आई, बोटीचं कामच नाही. चल पायी!" आत्याबाई चप्पल हातात घेऊन, माझा दंड धरून गाळातून गेल्या. उंबऱ्यावर बसल्या. ह्यांनी फोटो काढले आणि जुन्या गावाच्या ग्रुपवर टाकले – आईची इच्छा पूर्ण.

घोडं एकदाचं गंगेत न्हालं, असं मलाही वाटलं.

२३ मे

सकाळी आत्याबाईंचे पाय चेपत होते. म्हटलं, घर बघून बरं वाटलं ना?

"त्या घरात काय बघायचं हाय, रेणुका? पाणी आणू आणू मान मोडली तिथं. मला एकदा त्या पाण्यावर नुसतं बसायचं व्हतं. आता कवा भरतंय ते?"

ह्यांना सांगायला अंगणात गेले. हे बोटीवर ताडपत्री बांधत होते, गुणगुणत. टोमणा अगदी तोंडाशी आला होता. तशीच परत आले.