मृणालचं नाव, माझं कार्ड

२८ मार्च २००७, बुधवार. ट्रॉय

लिहायला बसण्याचं कारण एकच. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या क्रेडिट कार्डाचं बिल वेळेत गेलं नाही, आणि त्या कार्डावर माझ्या भाचीचं, मृणालचं, नाव आहे. ती घरासाठी कर्ज काढायच्या बेतात आहे. आठवणीवर यापुढे विसंबायचं नाही. जे घडेल ते त्याच दिवशी इथे.

माहीत असलेलं: बिलाची शेवटची तारीख २० फेब्रुवारी. ११ फेब्रु.ला मी नागपूरला निघाले, बहिणीच्या, नंदाच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. टपाल पोस्टात थांबवून ठेवलं होतं. २२ मार्चला रात्री परत. शनिवारी गठ्ठा आला. त्यात बँकेची दोन पत्रं, दुसऱ्यावर लाल अक्षरं. सोमवारी उघडताच फोन करून सगळं भरलं. बँकेतली बाई म्हणाली, तीस दिवस उलटले की क्रेडिट ब्यूरोला, म्हणजे प्रत्येकाच्या उधारीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, कळवलं जातं. कळवून झालं. चार दिवसांनी हुकलं.

माहीत नसलेलं: चेक कुठे गेला. १० फेब्रु.ला लिहिला. चेकबुकात नोंद आहे, अक्षर माझंच. पाकिटावर तिकीट चिकटवल्याचं आठवतं. पुढचं कोरं.

मृ.ला अजून काही माहीत नाही.

३० मार्च

शोधलं. डेस्क, फायलींचं कपाट, गाडीचा कप्पा, नागपूरची बॅग अस्तरासकट. नाही.

महिन्याचा दुसरा शनिवार बिलांचा. हे गेले त्या महिन्यातसुद्धा चुकला नव्हता.

आईची शेवटची वर्षं डोळ्यांपुढे येतात. तिचंही असंच सुरू झालं होतं. आधी दूधवाल्याला पैसे दोनदा दिले, मग एकदा रिक्षातून परत येताना घराचा पत्ताच... पुरे.

संध्या. मृ.चा फोन, ओरडतच. "मावशी, आपली ऑफर घेतली त्यांनी! घर मिळालं!" अभिनंदन म्हटलं. "आवाज असा का गं?" सर्दी म्हणाले. खोटं.

१ एप्रिल, रविवार

घर पाहून आले. मृ., तिचा नवरा अमेय आणि मी. बैठं घर, तीन बेडरूम, तळघर कोरडं (नाक लावून पाहिलं). स्वयंपाकघर पूर्वेला. मृ. टेप घेऊन कोपरा मोजत होती, देवघर बसतं का ते. बसतं.

अमेय ॲन आर्बरला पोस्टडॉक, त्याचा पगार तो स्वतःच मोजत नाही. कर्ज मृ.च्या पगारावर आणि मृ.च्या स्कोअरवर. म्हणाला, "मावशी, तुमचा क्रेडिट स्कोअर आम्हाला लग्नातच आहेर म्हणून द्यायला हवा होता. सहा डिनर सेट आले, उपयोग शून्य." मृ. हसून लोळली. मी खिडकीची कडी तपासत उभी राहिले.

गेल्या ऑक्टोबरात मीच तिला कार्डावर घेतलं. ऑथराइज्ड यूजर. तिचा इथला हिशेब दोन वर्षांचा, एक छोटं कार्ड. माझं १९८१ पासूनचं. तिचं नाव लागलं की माझी सगळी वर्षं तिच्या क्रेडिट रिपोर्टात दिसतात. दिसली, आणि स्कोअर चढला. तेव्हा मी तिला समोर बसवून नियम सांगितले होते: तुझ्या नावाचं कार्ड येईल ते माझ्याकडे राहील, खरेदी करायची नाही, स्टेटमेंट मी बघेन. ती म्हणाली होती, "म्हणजे मी फक्त बघायची?" बघायचीही गरज नाही, म्हटलं. माझ्याकडून एक दिवस उशीर होणार नाही.

सव्वीस वर्षं तिच्या रिपोर्टात गेली तर हा महिनाही गेला असणार. इतकं साधं आहे.

४ एप्रिल

बँकेला पत्र. परदेशात होते, इतक्या वर्षांत पहिलीच वेळ, नोंद काढून टाकावी ही विनंती. दोनदा फाडलं. 'विसरले' हा शब्द लिहायचा की नाही. शेवटी लिहिलं नाही. पोस्ट ऑफिसात जाऊन खिडकीवर हातात दिलं, पावती घेतली.

आमच्या रस्त्यावर विक्रीच्या पाट्या आता चार. कोपऱ्यावरचं घर बँकेने घेतलं, लॉन गुडघाभर. मृ.च्या ऑफिसात परवा अकरा जणांना काढलं. मोटारीचा धंदा बसला की सगळं बसतं. हल्ली बँका कागद भिंगातून पाहतात म्हणे. दोन वर्षांपूर्वी कुणालाही देत होत्या.

७ एप्रिल

नंदाचा फोन. काठीशिवाय चालते. तिकिटं काढलीसुद्धा, दोघांची! अधिक महिना संपल्यावर वास्तुशांत, गुरुजींनी २४ जून दिलाय. कर्ज मंजूर व्हायचंय अजून, म्हटलं, एवढी कसली घाई.

"ताई, तू आहेस ना तिथे. मग मला कसली काळजी?"

फोन ठेवल्यावर पोळपाट काढला, पोळ्या केल्या. नऊ. एकटीला.

९ एप्रिल

आज सांगायचं ठरवलं होतं. फोन उचलला, तिचा नंबर पाठ आहे का हे पाहायला डायरी न बघता फिरवला. पाठ आहे. मग ठेवून दिला.

११ एप्रिल

मृ.चा फोन दुपारी, ऑफिसातून, दबक्या आवाजात. कर्ज देणाऱ्या कंपनीतल्या बाईंनी, डेब्रांनी, रिपोर्ट काढला. स्कोअर त्यांच्या रेषेच्या खाली. कारण माझ्या कार्डावर 'तीस दिवस उशीर'.

मी बोलणार तोच ती म्हणाली, "मावशी, बँकेने घोळ घातलाय! तुझ्याकडून उशीर होणं शक्यच नाही. मी ब्यूरोकडे तक्रार टाकते, चुकीची नोंद म्हणून. आजच."

थांब म्हणाले. उद्या संध्याकाळी येते, तोवर काही टाकू नकोस.

"का?"

येते म्हटलं ना.

विश्वासाचीच भीती वाटते. तिने तक्रार केली तर ती सहीनिशी खोटं बोलणार, आणि तेही कर्जाच्या अर्जाच्या वेळी. माझ्यामुळे.

झोप नाही.

१२ एप्रिल, गुरुवार

सांगितलं. त्यांच्या अपार्टमेंटमध्ये, समोरासमोर. बँकेची चूक नाही, माझी आहे. चेक लिहिला, पोहोचला नाही, कुठे गेला मला आठवत नाही. मला सतरा दिवस माहीत आहे.

मृ. माझ्याकडे बघत होती, मग जमिनीकडे.

"पांढरं पाकीट होतं? खिडकीवालं?"

हो.

उठली. बाहेरच्या कपाटातून माझा राखाडी कोट घेऊन आली. आतल्या खिशात पाकीट. तिकीट लावलेलं, कोपरा दुमडलेला.

११ फेब्रु.ला एअरपोर्टवर तिनेच सोडलं होतं. नेहमीसारखा मी दाराशीच कोट काढून तिच्याकडे दिला. इथली आपली सगळी माणसं असंच करतात, नागपूरला लोकरीचा कोट कोण वाहून नेणार. पाकीट एअरपोर्टवरच्या पोस्टपेटीत टाकायचं होतं. हेही ते हातात आल्यावर आठवलं. परत आले त्या दिवशी थंडी नव्हती, अमेय घ्यायला आला तो कोट न घेता. कोट शोधायचं सुचलंच नाही, कारण तो माझ्या घरातच नव्हता.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा आनंद झाला. डोकं ठिकाणावर आहे. हरवलेली वस्तू होती तिथेच होती. मग मृ. बोलली.

"मावशी, मी पाहिलं होतं हे."

कधी?

"फेब्रुवारीतच. कोट टांगताना. वर बँकेचं नाव होतं."

मग पोस्टात का नाही टाकलंस?

"तूच सांगितलंयस, दुसऱ्याच्या टपालाला हात लावायचा नाही. मी इथे नवीन होते तेव्हा तुझं एक पत्र चुकून फोडलं, तर किती बोलली होतीस."

फोन करायचा! नागपूरला फोन नाहीत?

"तू आईजवळ हॉस्पिटलात होतीस. आणि..." थांबली. अमेयने वाक्य पुरं केलं, हळूच: "आणि मावशी, तिला तुमची भीती वाटते. मलासुद्धा वाटते. मी जोक करतो म्हणून दिसत नाही."

चहा कुणी केला आठवत नाही. प्यायला मात्र.

१३ एप्रिल

मी लॅबमध्ये नोकरीला असताना हाताखालच्या एकीने पाण्याचे नमुने सांडले आणि आठवडाभर सांगितलं नव्हतं. मी तिला सांडल्याबद्दल नाही, लपवल्याबद्दल फैलावर घेतलं होतं. तिने का लपवलं हे विचारलं नव्हतं. नाव लिंडा. लाल स्वेटर.

बँकेचं उत्तर नाही.

१६ एप्रिल, सोमवार

डेब्रांकडे तिघं. साठीच्या, चष्मा साखळीला. त्यांनी कागद उलटा करून दाखवला. माझ्या ध्यानात आलं ते असं:

मृ.चं नाव कार्डावरून काढलं, तर उशिराची नोंद तिच्या रिपोर्टातून जाईल. पण त्या नोंदीबरोबर सव्वीस वर्षंही जातील. उरेल तिचं एक छोटं कार्ड, दोन वर्षांचं. नाव ठेवलं, तर दोन्ही राहील. कुठलं बरं ठरेल? "आधी सांगता येत नाही," म्हणाल्या. शिवाय अर्ज तपासणारा माणूस अशी उसनी वर्षं धरतो किंवा धरतही नाही, हल्ली त्यांना ते आवडेनासं झालंय.

मुदत: कर्जाचा होकार ४ मेपर्यंत. नाहीतर घरमालक मोकळा. दुसरं गिऱ्हाईक रांगेत उभं आहे. ब्यूरोत बदल दिसायला एरवी महिना लागतो. बँकेचं लेखी पत्र आणलं तर डेब्रा आठवड्याभरात स्कोअर पुन्हा काढून घेऊ शकतात. एकदाच.

येताना बिग बीव्हर रस्त्यावर सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नाही, मागच्याने हॉर्न दिला.

१८ एप्रिल

बँकेचं पत्र. विनंती नाकारली, नोंद बरोबर आहे. दोन ओळी. खाली सही छापील.

मृ. आणि अ. जेवायला. वरणभात, कुणालाच भूक नाही. अ. म्हणतो काढा: "दोन वर्षं तर दोन वर्षं, निदान आमची आहेत." मृ. म्हणते ठेवा: "एका महिन्यापुढे सव्वीस वर्षं आहेत ना?" दोघं भांडले, मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

माझं मत तयार होतं. जिभेच्या टोकावर. गिळलं.

तुमचं घर आहे, म्हटलं. तुम्ही ठरवा, मी तसा फोन करेन.

मृ. घाबरली. "तू असं नको ना बोलूस, मावशी. सांग ना काय करू." ऑक्टोबरात तिला काही ठरवू दिलं नव्हतं, आणि आता सगळं एकदम तिच्या अंगावर टाकते आहे. हेही चूकच असेल. पण सांगितलं नाही.

२० एप्रिल, शुक्रवार

सकाळी सातला मृ. दारात. "काढ."

नक्की?

"रात्रभर विचार केला. पुढच्या महिन्यात परत काही झालं तर? तुझ्याकडून नाही, कुणाकडूनही. मला माझ्याच रिपोर्टाची धाकधूक नकोय."

फोन केला, स्पीकरवर. ती शेजारी बसली. नाव काढायला दीड मिनिट लागलं. लेखी पत्र फॅक्सने मागितलं. "पाच ते सात दिवस". मी आवाज चढवणार होते. मृ.ने फोन ओढून घेतला आणि त्या माणसाला इतकं गोड बोलली की मंगळवारी पाठवतो म्हणाला. हे तिला कुणी शिकवलं? मी नाही.

ती गेल्यावर धास्ती. काढल्याने स्कोअर आणखी खाली आला तर? मग परत लावायला वेळ नाही. नंदाची तिकिटं परत होत नाहीत.

२४ एप्रिल

फॅक्स नाही. लायब्ररीत तीनदा जाऊन आले, तिथलाच नंबर दिला होता. तिथल्या बाई आता मला पाहूनच मान हलवतात.

२५ एप्रिल

आला. मृ.च्या आडनावात एक अक्षर चुकलंय. पुन्हा फोन. पुन्हा मृ. बोलली.

२६ एप्रिल

दुरुस्त पत्र आलं. तीनदा वाचलं, मग मृ.ला वाचायला लावलं, मग अमेयला. अ. म्हणाला, "मावशी, गुरुजींनाही देऊ या का?" हसू आलं. तेवढंच.

मृ.ने विचारलं, नाही झालं तर आईला कोण सांगणार. मी, म्हटलं. ती म्हणाली, "नको. आपण दोघी."

२७ एप्रिल २००७, शुक्रवार

डेब्रांच्या ऑफिसात, दुपारी ३.४० ला दिलं:

१. बँकेचं पत्र, मृ.चं नाव कार्डावरून काढल्याचं. फॅक्सने आलेली, दुरुस्त प्रत.
२. माझं निवेदन, एक पान, सही केलेलं. कार्ड माझं, बिल माझं, उशीर माझा; मृ.ने त्यावर एक डॉलरही खर्च केलेला नाही. यात 'विसरले' लिहिलं आहे.
३. पासपोर्टाच्या दोन पानांच्या प्रती, नागपूरला गेल्या-आल्याचे शिक्के.
४. न वटलेला चेक, पाकिटासकट. डेब्रा म्हणाल्या याची गरज नाही. तरी ठेवून घेतला.

उत्तर केव्हा? पुढच्या बुधवार-गुरुवारपर्यंत, म्हणाल्या. मुदत शुक्रवारी. पावती देत नाहीत. मी त्यांचं नाव आणि वेळ माझ्या प्रतीवर लिहून घेतली, त्यांनी आद्याक्षरं केली.

पार्किंगमध्ये मृ.ला दिलं: माझ्या घराची किल्ली. मी नसताना टपाल आणायचं, बँकेचं असेल ते फोडायचं, भरायचं असेल ते भरायचं. फोन करून विचारत बसायचं नाही.

तिने किल्ली घेतली. मग म्हणाली, "आणि चुकून दुसरं काही फोडलं तर?"

फोड, म्हटलं.