देवला काय घालायला दिलं

नेपरव्हिल, अमेरिका

प्रिय ताई,

आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा कसा आहे? हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

देवला कॉलेजातल्या मुलांच्या क्लबात, फ्रॅटर्निटीत, जायचं होतं. पहिल्या भेटीला काय घालू म्हणाला, तर मीच कॉलरचा शर्ट आणि चामड्याचा पट्टा काढून दिला. तिथल्या मुलांनी तोच पट्टा ओढून काढला आणि पाठ फुटेपर्यंत त्याला मारलं. मी जखमा धुताना तो हसत म्हणाला, "रिलॅक्स आई, दे पिक्ड मी." म्हणजे त्यांनी त्याला निवडलं; क्लबात घेण्याआधी असंच मारतात म्हणे.

आज त्यांच्याकडे जेवण आहे. रक्त दिसू नये म्हणून तो काळा शर्ट मागतोय. मी पांढरा इस्त्री करून ठेवलाय. गाडी मीच चालवणार आहे, आणि सरळ पोलिस स्टेशनला नेणार आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही सगळे जपून राहा.

तुझी,
नंदा