खिडकीवरची पिशवी

निशी-कसाई, टोकियो,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय हेमचंद्र,

इतके महिने पत्र लिहीन लिहीन म्हणत गप्प राहिले, त्याबद्दल आधी माफी. फोनवर बोलतो आपण, पण ते दीप्तीचे मार्क, आईंचा गुडघा आणि कुरिअर पोचलं का, एवढंच. शेवटी तू दर वेळी विचारतोस, "मग मार्चचं तिकीट काढू ना?" आणि मी म्हणते, बघू. दीप्तीची बारावी झाली की घर बंद करायचं, मी प्रयोगशाळेतली नोकरी सोडायची आणि आम्ही पुण्याला यायचं, हे एप्रिलमध्ये जाताना तू ठरवून गेलास. त्यावर हो किंवा नाही, काहीतरी एक सांगायला हवं. तुला असं टांगून ठेवणं अन्यायाचं आहे. काल एक पत्र लिहिलं होतं, पण त्यात तुझ्या बोलण्याची नक्कल फारच छान साधली होती, म्हणून फाडलं.

इकडे सगळं ठीक. प्लास्टिकच्या कचऱ्याचा दिवस अजून मीच विसरते. तुझी उशी तुझ्या बाजूला तशीच आहे, ती प्लास्टिकच्या बारीक नळ्या भरलेली, कूस बदलली की खळखळणारी. पुण्यातल्या कापसाच्या उशीने मान धरते म्हणतोस आणि मार्चला येताना आठवणीने आण म्हणून बजावतोस.

आज सकाळी सायकलने समुद्राकाठच्या बागेत गेले होते. काळ्या तोंडाचे चमचे पक्षी आलेत. आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटातल्या ओनो-सानना पक्षी दिसला की त्या आधी दुर्बिणीपासून बाजूला होतात, "दोझो", आधी तुम्ही, म्हणतात आणि सगळ्यांचं बघून झाल्यावर स्वतः डोळा लावतात. मला दर वेळी संकोचायला होतं, आणि दर वेळी आफ्रिका आठवते.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट, क्रूगरचं जंगल. गाइड नाही, स्वतः गाडी चालवायची, मनाला येईल तिथे थांबायचं, हे तूच हौसेनं वाचून दाखवलं होतंस. मन कोणाचं, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. जंगलात गाडीतून उतरायचं नाही हा नियम, म्हणजे स्टिअरिंग ज्याच्या हातात त्याचं जंगल. मला गाडी येत नव्हती. "टोकियोत इतक्या ट्रेन असताना तुला लायसन्स कशाला?" हे तू इतकी वर्षं इतक्या प्रेमानं म्हणत आलास की मलाही ते पटलं होतं. वठलेल्या फांद्यांवर जांभळ्या छातीचे नीलपंख बसलेले, धनेश कोंबड्यांसारखे रस्त्यात हिंडणारे. मी "थांब" म्हणेपर्यंत आपण पुढे. "कावळा असेल गं," तू म्हणायचास आणि मागच्या सीटवर दीप्ती हसायची.

दीप्तीच्या जुन्या जीन्सची पिशवी मी इथून शिवून नेली होती, रिकामी. गाडीच्या खिडकीवर ती ठेवायची, वर कॅमेऱ्याची लांब लेन्स टेकवायची, म्हणजे हात हलत नाही. लोक आत तांदूळ, कडधान्य, मिळेल ते भरतात. आपण जोहान्सबर्गच्या भारतीय दुकानातून तूरडाळ घेतली. मी ती भरून तोंड शिवून टाकलं.

उत्तरेकडच्या कॅम्पमध्ये शेजारी नाशिकचे सत्यजित आणि त्यांची बायको निघाले. मराठी कानावर पडल्यावर तू हरखलास, ते मी समजू शकते. मी अंघोळ करून बाहेर आले तर पातेल्यात वरण रटरटत होतं आणि टेबलावर उसवलेली पिशवी पडली होती. "या वहिनी, तुमच्या पक्ष्यांचं वरण तयार आहे!" सत्यजित म्हणाले. तू म्हणालास, "मीठ बघ गं." मी बघितलं. कमी होतं, घातलं.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या मोठ्या झाडात, दाट सावलीत ते बसलं होतं. तांबूस, मांजराएवढं, मासे मारणारं घुबड. कॉलेजपासून त्याचं चित्र माझ्या टेबलासमोर लावलेलं असायचं. या वेळी तू थांबलास, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. इंजिन बंद कर, गाडी थरथरतेय, म्हटलं. "एसी जाईल. किती वेळ लागणार आहे?" खिडकीवर टेकवायला काही नव्हतं. लेन्समध्ये अख्खं घुबड थरथरत होतं. त्याने मान वळवायला सुरुवात केली आणि समोरून आलेल्या गाडीतला माणूस "लायन!" म्हणून ओरडला. तू गिअर टाकलास. "घुबड परत येताना बघू." आपल्याला गाड्यांच्या गर्दीतून सिंहाची शेपटी दिसली. येताना नुसतं झाड होतं.

फुनाबोरीच्या हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीला तू ती गोष्ट रंगवून सांगितलीस. "हिने पक्ष्यांसाठी डाळ नेली, आम्ही वरणभात हाणला!" सगळे हसले, मीही हसले. मग डायरीत स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं, एवढ्याशा डाळीवरून तू मनात एवढं का धरून बसलीयेस? वरणाचा राग नाही, घुबडाचाही नसावा. पिशवी कशासाठी आहे हे तुला माहीत होतं. शिवण उसवताना ते तुला आठवलंसुद्धा नाही, एवढंच. तू वाईट माणूस असतास तर मला सोपं गेलं असतं. आणि एप्रिलमध्ये विमानतळावर तू म्हणालास, "तुझं ते संशोधन काय, पुण्यातही होईल." तेव्हा मला त्या पातेल्याचा वास आला.

दीप्तीजवळ हे एकदाच बोलले. फोनमधून डोकं वर न काढता ती जपानीत म्हणाली, "मग स्वतः चालव ना." उन्हाळ्यात मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, तुला सांगितलं नाही. शिक्षक माझ्यापेक्षा बराच लहान. प्रत्येक वळणावर मान पूर्ण वळवून मागे बघायला लावायचा, आणि मला घुबड आठवायचं. शुक्रवारी लायसन्स हातात आलं. म्हणून आज हे पत्र. मार्चचं तिकीट काढू नकोस, त्यानंतरचंही नको. नोकरीचा करार मी वाढवून घेतलाय, घराचाही. दीप्ती सुट्टीत तुला भेटायला येईल, तिच्यावर राग काढू नकोस. जूनमध्ये आम्ही दोघी क्रूगरला जातोय, गाडी मी चालवणार आहे. पिशवीत या वेळी डाळ नको, शिजवता येणार नाही असं काहीतरी हवं. ते घरातच आहे.

एके काळची तुझीच,
विभा

उद्या: तुझी उशी उसवणे.