माझा विलायती वाफा

२० जून १९३७. केनवड.
पुण्याहून झिनिया आणि फ्लॉक्सच्या बियांची पाकिटं आली. ही फुलझाडं एकाच हंगामात उगवतात, फुलतात आणि मरतात. म्हणून ॲन्युअल. सोबत मागवलेल्या बागकामाच्या पुस्तकाची पहिली आठ पानं वाचली. विषय समजला, पुढे वाचायची गरज नाही. शाळा तपासणारे डेप्युटी साहेब फुलांचे वेडे आहेत आणि भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या सणाला आपल्याकडे जेवायला येणार आहेत. वाफा पाहिला की माझी वाशीमला बदली पक्की. बारा वर्षं या शाळेत काढली, जीव विटला. सौ.ला ट्रंक झाडून ठेवायला सांगितलं.

४ जुलै.
उगवलं! दोन जाती दिसतात. एक दणकट, गोल पानांची. दुसरी मरतुकडी. इतकं महागाचं बी मरतुकडं निघेल कसं? म्हणजे दणकट तीच विलायती. मरतुकडी सगळी स्वतः उपटून कुंपणापलीकडे फेकली. कंबर धरली.

५ जुलै.
शेजारच्या मळ्यातल्या गोजराबाई कुंपणावरून म्हणाल्या, की मास्तर, चांगले रोपं फेकून हे तरोट्याचं तन काहून पोसून राह्यले? बाईंचा जन्म गेला वांगी-मिरच्यांत! रागावलो नाही.

२ ऑगस्ट.
झाडं कमरेला लागली. संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतात. याला म्हणतात विलायती शिस्त. पुस्तकात उल्लेख नाही. लेखकाला कळवणे.

१० सप्टेंबर.
फुलं आली! पाकिटावर लाल होती, ही पिवळी. केनवडच्या मातीचा गुण. ट्रंकेला नवीन कुलूप आणलं.

१३ सप्टेंबर. सकाळ.
महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. सौ.ची गाडी पंधरावर अडली होती. आता म्हणते सोळावीही मिळाली. कुठून, ते विचारलं नाही. बायकांचा कारभार.

दुपारी ३.
साहेबांना वाफ्यापाशी नेलं. नुसते बोडके दांडे! सौ.ला जाब विचारला. म्हणाली, की कोवळे शेंडे भाजीले खुडले, तरोटाच त हाये, त्यात तुमाले काय इचारायचं? साहेबांसमोर! वर गोजराबाईंनी कुंपणावरून रोपं फेकल्याची हकीकतही त्यांना ऐकवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मात्र साहेबांनी ती भाजी तीनदा मागून घेतली. आशा आहे.

२७ सप्टेंबर.
साहेबांचा हुकूम आला. बदली नाही. झाडांचा पाठ यापुढे गोजराबाईंनी द्यावा, मास्तरांनी हजर राहावं.

१ ऑक्टोबर.
गोजराबाईंचा पाठ झाला. मी पोरांमागे शेवटच्या टाटपट्टीवर बसलो. बाईंनी दोन रोपं धरून विचारलं, की यातला तरोटा कोन्ता? सगळ्या वर्गाने हात वर केले, म्हणून मीही केला. बाईंनी नेमकं मलाच उठवलं.
चुकलं.