नुकसान स्पष्ट दिसावे

३ मार्च
आजपासून व्यवसाय. मागची खोली ताब्यात घेतली. भिंतीला पांढरी चादर, मधोमध स्टूल, समोर कॅमेरा. नातीचं टेबल हॉलमध्ये हलवलं. परीक्षा जवळ आली आहे असं तिचं म्हणणं. परीक्षा नेहमीच जवळ असते. चिरंजीव म्हणाले, आई, हा महिना करून बघ, नाही जमलं तर एक तारखेला खोली पोरीला परत. मी हो म्हटलं. सूनबाईने वाद तर घातला नाहीच, उलट चादरीला इस्त्री करून दिली. हे खटकलं.

अनुभवाचा प्रश्न नाही. विमा कंपनीत उभी हयात नुकसानीचे फोटो काढण्यात गेली. चेपलेल्या गाड्या, जळालेली गोदामं, भिजलेला माल. माझ्या फोटोंपुढे एकाही लबाडाची डाळ शिजली नाही. माणसं त्यामानाने सोपी. हलू नका म्हटलं की हलत नाहीत.

६ मार्च
दारावर आणि गॅलरीला पाट्या लावल्या. कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओवाला (मिशांमुळे मी त्याला मिशाळ म्हणते) खालून जाताना वर बघून हसला. हसण्यासारखं काय आहे ते पाहायला खाली जाऊन आले. पाटी सरळ आहे. स्पेलिंग बरोबर आहे. म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे.

९ मार्च
पहिलं गिऱ्हाईक. तळमजल्यावरच्या बाई, तान्ह्या नातवाला घेऊन. पद्धतशीर काम केलं. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. मांडीवर लाल डाग आहे, त्याचा क्लोजअप, शेजारी पट्टी धरून, म्हणजे आकार कळावा. बाई म्हणाल्या, अहो, आम्हाला एक गोडसा फोटो हवा होता. मी विचारलं, उद्या कुणी बाळ बदललं तर गोडपणावरून ओळखणार का? बाळ उचलून तडक गेल्या. भारावल्या असाव्यात.

१२ मार्च
कुणी नाही. बेल कुणी बिघडवली असेल म्हणून नातीला बाहेर उभं करून वाजवायला लावली. वाजते. नात म्हणाली, आजी, आता अभ्यासाला बसू का? आवाज नको इतका नम्र.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या बाई मिशाळच्या दुकानातून बाहेर पडताना दिसल्या. कडेवर बाळ, हातात पाकीट. मला पाहताच पाकीट पिशवीत गेलं. निर्दोष माणूस पाकीट लपवत नाही.

१६ मार्च
एक मुलगी आली. नोकरीच्या अर्जासाठी फोटो. बसल्या बसल्या हसायला लागली. कारण विचारलं तर म्हणे, असंच. असंच कुणी हसत नाही. गोदामं जाळून घेणारे मालक असेच हसत असत. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला बसवत तसं तिला बसवलं. पाठ ताठ, हनुवटी खाली, दात आत. फोटो अत्यंत स्वच्छ. कपाळावरची जुनी खोक सुद्धा सुरेख आली. मुलगी बघत राहिली आणि म्हणाली, मावशी, मी जामिनावर सुटल्यासारखी दिसतेय. खरंच सुटली आहे का, ते विचारायचं राहून गेलं.

सूनबाई म्हणाली, आई, लोकांना थोडं बरं दिसायचं असतं हो. मी म्हटलं, आमच्या खात्यात त्याला फसवणूक म्हणत. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडला. नळाच्या आवाजाआड ती हसते, हे मी ओळखून आहे.

२१ मार्च
मिशाळच्या दुकानाची पाहणी. गिऱ्हाईक म्हणून गेले, काळा चष्मा लावून. आत पाऊल टाकताच म्हणाला, या आजी, पाटी झकास झालीय तुमची. चष्मा फुकट गेला.

स्टूल आमच्यासारखंच. कॅमेरा आमच्याहून जुना. एक दिवा जास्त. एवढ्यावर दुकान चालतं, म्हणजे काहीतरी दडवतो आहे. त्यानेच गप्पा काढल्या, नोकरीत काय काय पाहिलंत म्हणून. बेत ओळखून मी निरुपद्रवी गोष्ट सांगितली. कपड्यांचं अख्खं गोदाम खाक झालं म्हणून रडत आलेला तो मालक, आणि त्याच्या अंगावर त्याच गोदामातला कोट, मागे किमतीची चिठ्ठी लोंबकळत. सांगताना माझंच हसू मला आवरेना. तेवढ्यात मिशाळ म्हणाला, झाला फोटो. बेसावध माणसावर कॅमेरा रोखतो. लिहून ठेवते.

२३ मार्च
फोटो आला. मान मागे, दात बाहेर, डोळे जवळजवळ मिटलेले. सिस्टरांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं. चिरंजीव बराच वेळ बघत बसले. म्हणाले, बाबा गेल्यापासून तुला असं हसताना पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, उजेड फार झालाय.

सूनबाईने तो हॉलमध्ये, बाहेरच्या दारासमोरच लावला. मी अडवलं नाही. प्रतिस्पर्ध्याच्या चुका डोळ्यांसमोर असलेल्या बऱ्या.

२८ मार्च
धंद्याने वेग घेतला. दार उघडं असलं की जिना चढणारे तो फोटो बघून थांबतात. आज एक नवरा-बायको आत आले, म्हणाले, आम्हाला अगदी असाच काढून द्या. तो कुणी काढला ते मी सांगितलं नाही. हे खोटं बोलणं नव्हे. कुणी विचारलं नव्हतं.

हसा म्हटलं. हसले नाहीत. गोदामाची गोष्ट सांगितली. नवऱ्याने विचारलं, पुरावा काय होता? चांगला प्रश्न. सविस्तर सांगितलं. सांगून झाल्यावर दोघांचे चेहरे असे, जणू आगीत त्यांचंच सगळं गेलं. निघताना बायकोने हळूच विचारलं, ते दुसरे फोटोग्राफर इथे कधी असतात? माझ्या तोंडून निघून गेलं, कोपऱ्यावर. कसं निघालं, तपास चालू आहे.

३१ मार्च
खोली सोडली. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. पोरीची परीक्षा खरोखरच जवळ आली आहे.

टेबल आत घेताना तिच्या दप्तरातून परीक्षेचं ओळखपत्र पडलं. त्यावर तिचा फोटो. कुणी काढला? म्हणाली, मिशाळकाकांनी. कधी? गेल्या आठवड्यात. आईच घेऊन गेली, तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. म्हणजे माझ्याच घरात, माझ्या पाठीमागे. आणि मिशाळ हे मी ठेवलेलं नाव हिने त्यालाही सांगितलेलं दिसतं, कारण त्याला ते फार आवडलं म्हणे.

भिंग घेऊन फोटो तपासला. पोरगी आहे तशीच आली आहे, खट्याळ. दोष एकही सापडला नाही. अशी केस मी आजवर पाहिलेली नाही.

उद्या मिशाळला जाब विचारायला जाणार. ठेवणीतले निळे कपडे इस्त्रीला टाकले. सूनबाई म्हणाली, आई, केसही धुऊन घ्या. कशाला, ते मी विचारलं नाही. पाणी तापत ठेवलं आहे.