शिजवून जात नाही

आई,

नाशिकरोडच्या एका चिकनच्या दुकानात तुझं ते कात्रण अजून लटकतंय. लॅमिनेट केलेलं, कडांना पिवळं पडलेलं. हातात तंगडी घेऊन तू हसतेयस आणि खाली ठळक अक्षरांत तुझं वाक्य, ‘नीट शिजवलेलं चिकन खायला हरकत नाही.’ तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते दिसलं की माझं डोकं फिरतं. कारण ते तुझं अर्धंच बोलणं आहे.

उरलेलं अर्धं तू निम्मं आयुष्य सांगत राहिलीस. नव्वदच्या दशकातला एक रविवार आठवतो, मी शाळेत होते. तुझी कोंबड्यांच्या रोगांची प्रयोगशाळा बंद म्हणून कळवणकडचा एक पोल्ट्रीवाला गोणीत मेलेले पक्षी घेऊन थेट आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभा आहे. तू मागच्या अंगणात एकेक पक्षी फाडून पाहतेस, हात धुतेस, त्याला चहा देतेस, रोगाचं नाव सांगतेस. मग विचारतेस, उरलेल्यांचं औषध कधी बंद करणार? तो म्हणतो, “बंद कशाला, मॅडम? परवा पक्षी न्यायला गाडी हाय. औषध थांबवलं आन राहिलेले बी गेले तर?” तुझा आवाज चढत नाही. “दादा, पक्ष्याच्या अंगातलं औषध शिजवून जात नाही. ते खाणाऱ्याच्या पोटात जातं. त्याला विचारलंय का तुम्ही?” तो ओशाळून हसला. गाडी त्याने पुढे ढकलली की नाही, कोण जाणे. पण तुझ्या संशोधनाने तेव्हापासून वळण घेतलं. कोंबड्या कशाने मरतात हे सोडून, ज्या मेल्या नाहीत त्यांच्या मांसात काय उरतं ते तू तपासू लागलीस. मॅडम आता धडधाकट कोंबड्यांचं पोस्टमॉर्टेम करतात, अशी सहकाऱ्यांत चेष्टा चालायची.

मग दोन हजार सहा साली बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या आणि चिकनला कोणी हात लावेना. पोल्ट्रीवाल्यांनी मैदानात फुकट चिकन वाटायचा कार्यक्रम ठेवला आणि तुला मंचावर बोलावलं. जाऊ नकोस, असं मी म्हणाले होते. तू गेलीस, कारण लोकांची भीती अवाजवी होती आणि तिच्यापायी माणसं बुडत होती. आधी धीर दिलास, की नीट शिजवलं तर या रोगाचं भय नाही. मग म्हणालीस, औषधाचं तसं नाही, ते शिजवून जात नाही. गाडी येण्याआधी काही दिवस ते थांबवलंच पाहिजे, आणि थांबवलं का हे आज कोणी तपासत नाही. मी समोर गर्दीत उभी होते. टाळ्या पहिल्या वाक्याला पडल्या. दुसऱ्या दिवशी, मी जिथे उपसंपादक होते त्या आमच्याच पेपरात, तेवढंच वाक्य फोटोसह छापून आलं.

मी संपादकांशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, “खोटं काय छापलंय?” याचं उत्तर आता आहे. तू तुझे निष्कर्ष घेऊन ज्या ज्या सरकारी साहेबाकडे गेलीस, त्याने तुला तेच कात्रण दाखवलं. हरकत नाही असं तुम्हीच म्हणालात ना, मॅडम? एका बाईची इतक्या वर्षांची मेहनत तिच्याच वाक्याने गप्प केली, आणि सगळे कसे सभ्यपणे वागले! तू दुकानादुकानांत जाऊन ते काढायला सांगत फिरलीस. एकदा मी सोबत होते. दुकानदार म्हणाला, “तुमच्या फोटोवर गिऱ्हाईक परत आलं, आन तुम्हीच काढा म्हणता? घ्या, कलेजी घेऊन जा, पैसे नको.” कलेजी, म्हणजे जिच्यात तुला ते औषध सगळ्यात जास्त सापडायचं, तीच. बाहेर आल्यावर तू रस्त्यातच पोट धरून हसलीस. मला तेव्हा हसू आलं नाही, आजही येत नाही. तू हसायला नको होतंस. टेबलावर हात आपटायला हवा होतास.

हे सगळं लिहिलं खरं, पण तू असतीस तरी तुझ्या हातात दिलं नसतं. बातमी जागेत बसत नसली की आम्ही ती खालून कापतो, महत्त्वाचं ते वर असणारच असं धरून. तू महत्त्वाचं शेवटी सांगितलंस. त्या संध्याकाळी ते पान माझ्याकडे असतं, तर मीही तिथेच कापलं असतं.